रफ जास्परची पारख: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

खडे घासायला शिकणारा माणूस यंत्राची चौकशी महिनाभर करतो आणि दगड मात्र पाच मिनिटांत उचलतो. "ओला करा, रंग आवडला की घ्या," एवढाच सल्ला त्याला मिळालेला असतो. रफ, म्हणजे अजून न घडवलेल्या कच्च्या जास्परच्या बाबतीत हा सल्ला महागात पडतो. दगड तसा स्वस्त, म्हणून किलोने घेतला जातो. घरी आल्यावर कळते की निम्म्या मालात चिरा आहेत, उरलेल्यातला काही मऊ आहे आणि सगळ्यात देखणा तुकडा आपल्या ब्लेडखाली मावतच नाही.

भाव किलोचा सांगितला जातो, पण तुम्हाला हवे असतात ते त्या किलोतून निघणारे धड नग. पुढच्या सगळ्या चाचण्या तेवढ्याचसाठी आहेत: या दगडातून माझ्या हाती नेमके किती लागेल?

दगडाची ओळख

जास्पर हा क्वार्ट्झचाच (गारगोटीचाच) प्रकार. त्याचे स्फटिक इतके बारीक असतात की साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यात लोह आणि मातीसारख्या परक्या द्रव्यांची भर असते, कधी कधी २० टक्क्यांपर्यंत, आणि त्या भरीमुळे तो अपारदर्शक होतो. अकीकाच्या (अगेटच्या) पातळ कडेमागे टॉर्च धरला तर उजेड दिसतो, जास्परच्या कडेतून दिसत नाही. लाल रंग हेमॅटाइटचा, पिवळा-तपकिरी गोएथाइटचा, दोन्ही लोहाचीच खनिजे. काठिण्य मोहस् मापावर ६.५ ते ७, घनता २.६ च्या आसपास. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आपल्या पायाखालचा काळा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यातल्या पोकळ्यांत आणि भेगांत सिलिकायुक्त पाणी झिरपून अकीक, जास्पर, कॅल्सेडनी तयार झाले आणि नद्यांनी ते वाहून नेले. नेवाशाला प्रवरेकाठी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांना अश्मयुगातली जी हत्यारे सापडली, त्यांतली बरीच याच कुळातल्या दगडांची आहेत. त्या माणसांना धार हवी होती, आपल्याला झिलई हवी आहे, पण दोन्हीसाठी दगडात लागतो तो गुण एकच: बारीक, एकसंध पोत. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी नदीकाठी बसून हीच निवड करत होते, हे मला फार मोलाचे वाटते.

मात्र हे वाचून सुट्टीच्या दिवशी येऊरला पिशवी घेऊन जाऊ नका. तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथला दगड तिथेच राहू द्यावा. पारसिक-तुर्भे पट्ट्यातल्या जुन्या खाणींत उतरणेही नको. कडे सुटलेले असतात आणि साचलेल्या पाण्याच्या खोलीचा अंदाज येत नाही.

पहिली पायरी: आधी आपले यंत्र बघा

६ इंची ब्लेड ६ इंच जाडीचा दगड कापत नाही. ब्लेडचा निम्माच भाग टेबलाच्या वर असतो, त्यातही ब्लेड धरून ठेवणारी मधली चकती (फ्लँज) जागा खाते. प्रत्यक्षात पावणेदोन, फार तर दोन इंच खोली मिळते. १० इंची ब्लेडला तीन-साडेतीन इंच. म्हणजे ज्याच्याकडे लहान यंत्र आहे, त्याने नारळाएवढा दगड घेऊन उपयोग नाही, तो कितीही सुंदर असो. मुठीएवढे, एक बाजू सपाट असलेले तुकडे बघावेत. सपाट बाजू असली की दगड टेबलावर किंवा पकडीत नीट बसतो. गोल गोटा कापताना फिरतो, ब्लेड वाकते आणि बोटांना धोका होतो.

ज्यांच्याकडे कापायचे यंत्रच नाही, फक्त घासायची चाके आहेत, त्यांनी रफ घेऊ नये. तयार स्लॅब, म्हणजे कापलेल्या सपाट चकत्या घ्याव्यात, ५ ते ७ मिमी जाडीच्या. किलोमागे ते महाग वाटतात, पण चीर, नक्षी, रंग सगळे दोन्ही बाजूंनी उघडे दिसते. शिकण्याच्या काळात मला तरी हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

मोठा दगड हातात आलाच, तर मार्बल-ग्रॅनाइट कापून देणाऱ्याकडून त्याचे दोन तुकडे करून घेता येतात. त्याचे ब्लेड जाड असते, ३ मिमी किंवा जास्त दगड खाते आणि कडा झाडते. अर्धा करायला ठीक, स्लॅब पाडायला नाही. आणि हातातल्या ४ इंची ग्राइंडरने कोरडा दगड कापायचे मनातही आणू नका. कारण शेवटी सांगते.

दुसरी पायरी: माल कुठे मिळतो

ठाण्यात किंवा नवी मुंबईत रफ दगडाचा स्वतंत्र बाजार नाही. नौपाड्यात आणि वाशीत सोनारांची दुकाने भरपूर आहेत, पण तिथे तयार खडे मिळतात. रफ माल येतो तो मुख्यतः गुजरातेतून खंभातहून आणि राजस्थानातून जयपूरहून.

खंभातचा धंदा फार जुना. जवळच्या लोथलला हडप्पा काळातला मणी बनवण्याचा कारखाना उत्खननात सापडला आहे, आणि भरूच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातला अकीक आजही खंभातला घासला जातो. अकीकाच्या जोडीने तिथे लाल, पिवळा, हिरवा जास्पर आणि हिरव्यावर लाल ठिपके असलेला ब्लडस्टोनही बघायला मिळतो. बोरिवली किंवा वसई रोडहून गाडीने आणंद आणि आणंदहून खंभातची शाखा गाडी, असा सरळ प्रवास आहे. पण ही वारी पहिल्या खरेदीसाठी नको. आधी दोन-चार किलो दगड कापून डोळा तयार होऊ द्या.

मुंबईत भुलेश्वर-झवेरी बाजार भागातले खड्यांचे काही व्यापारी रफ ठेवतात किंवा मागवून देतात. ठाण्याहून धीमी लोकल आणि नवी मुंबईहून हार्बर, दोन्ही मस्जिद स्टेशनला थांबतात. ठाण्याची फास्ट मात्र तिथे थांबत नाही. सकाळी गर्दी ओसरल्यावर निघा आणि संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या आत परता. दहा किलोची पिशवी घेऊन सहाच्या लोकलमध्ये चढणे तुम्हालाही त्रास आणि शेजारच्यालाही.

दागिन्यांच्या आणि हस्तकलेच्या प्रदर्शनांत कधी कधी रफचा एखादा स्टॉल असतो. तिथे शेवटच्या दिवशी दुपारनंतर जावे. जड माल परत न्यायचा कंटाळा आलेला असतो, बोलणी सोपी होतात.

नुसत्या सरावासाठी घोडबंदर रोडवरच्या नर्सऱ्यांत बागेचे रंगीत गोटे मिळतात. त्यांत जास्परसारखे लाल-पिवळे निघतात. काहींना मेण लावलेले असते, काही सरळ रंगवलेले असतात, पण चाकावर हात बसवायला चालतात.

तिसरी पायरी: पिशवीत काय न्यायचे

पाण्याची फवारणीची बाटली, जुने सुती फडके, दहापट भिंग, टॉर्च, एक जाड सुई, एक पोलादी खिळा, अर्धे लिंबू. शिवाय तुम्ही ज्या मापाचे कॅबोशन (खाली सपाट, वर घुमटासारखा खडा) करता, त्याची पुठ्ठ्यात किंवा प्लास्टिकमध्ये कापलेली खिडकी, समजा ३० बाय २२ मिमीचा अंडाकार. दगडावर ही खिडकी सरकवत नेली की बाकीचा पसारा झाकला जातो आणि नेमका तुमचा नग कसा दिसेल ते कळते. पूर्ण दगडावर भव्य वाटणारी नक्षी खिडकीत आली की कधी नुसता तपकिरी ठिपका उरतो. उलट एखाद्या ओबडधोबड तुकड्याच्या कोपऱ्यात चार सुरेख नग लपलेले असतात.

दगड दिवसाच्या उजेडात बघायचा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली लाल रंग खुलतो आणि हिरवा मरतो. दाराशी जाऊन बघू द्या म्हणायला संकोच नको.

चौथी पायरी: कोरडा, ओला आणि वाळताना

दगड तीनदा बघायचा असतो, या तीन अवस्थांत, आणि याच क्रमाने.

कोरड्या दगडावर पृष्ठभाग वाचा. नुकत्या फुटलेल्या जागी मेणचट चकाकी आणि शिंपल्यासारखे गोलसर वळसे दिसले तर पोत बारीक आहे, झिलई चांगली येणार. फुटलेली जागा रवाळ, कणीदार दिसली तर कितीही घासा, चमक अर्धवट राहील. नदीतल्या गोट्यांवर अर्धचंद्रासारख्या बारीक खुणा असतात. त्या आपटून आलेल्या असतात आणि बहुधा वरच्या थरापुरत्याच राहतात. खाणीतून सुरुंगाने फोडलेल्या किंवा घणाने तोडलेल्या मालाचे तसे नसते, तिथे चीर आत खोल गेलेली असू शकते. म्हणून माल कसा काढला आहे ते विचारा. करवतीने कापलेला तुकडा थोडा महाग असला तरी बघण्यासारखा.

मग पाणी. ओला दगड साधारण झिलईनंतर जसा दिसेल तसाच दिसतो, रंग आणि नक्षी ठरवायला हे ठीक. पण पाणी चिरा लपवते आणि बहुतेक खरेदी याच क्षणी होते.

एक तुकडा समोर आहे असे धरू. विटकरी लाल, मुठीहून जरा मोठा, मधून पांढऱ्या क्वार्ट्झची रेघ गेलेली. फवारा मारला की लाल रंग एकदम गडद होतो, सगळा दगड एकसंध वाटतो. विक्रेता इथेच भाव सांगायला लागतो. तुम्ही काही बोलू नका, दगड हातात धरून थांबा. मिनिटभरात कडांकडून पाणी सुकत येते आणि रंग फिका होत जातो. त्या फिक्या पृष्ठावर मग एखादी केसाएवढी गडद रेष मागे राहिलेली दिसते. ती चीर. पाणी आत शिरलेले असते म्हणून तिथे शेवटी वाळते. ती कुठून निघते आणि कुठे संपते ते बोटाने धरून ठेवा, दगड फिरवा आणि दुसऱ्या बाजूला त्याच पातळीत ओली रेष आहे का बघा. असली तर चीर आरपार आहे, ब्लेडखाली दगड तिथेच सुटेल. एकाच बाजूला असून कडेशी संपत असेल तर तेवढा भाग छाटून बाकीचा वापरता येतो.

पावसाळ्यात आपल्या हवेत दगड वाळता वाळत नाही. तेव्हा फडक्याने एकदा टिपून पंख्याखाली धरा, किंवा पाण्याऐवजी थोडे स्पिरिट लावा, ते पटकन उडते आणि चिरा तितक्याच स्पष्ट दाखवते.

पांढरी रेघ दिसली की नवखे लोक दगड खाली ठेवतात. घाई करू नका. ती जुनी भेग क्वार्ट्झने भरून निघालेली असते. सुईचे टोक तिच्यावरून आडवे फिरवा. सुई अडकली नाही आणि वाळताना तिथे ओली रेष उरली नाही, तर भेग पक्की बुजलेली आहे. तुटून पुन्हा जुळलेल्या तुकड्यांची जी नक्षी असते, तिचे सौंदर्य तर या रेघांतच आहे. सुई अडकली तर मात्र सावध व्हा.

टॉर्च तिरपा धरून दगडावर फिरवला तर उघड्या चिरेच्या एका बाजूला बारीक सावली पडते. स्लॅब असेल तर तळहातावर सैल ठेवून नाण्याने हलकेच ठोका. धड स्लॅब खणखणीत वाजतो, चिरलेला थप्प आवाज करतो.

पाचवी पायरी: खिळा, थेंब आणि लिंबू

आधी विचारून, मागच्या बाजूला, खिळ्याने एक रेष ओढा. खऱ्या जास्परवर चंदेरी रेष उमटते आणि बोटाने पुसता येते, कारण झिजला तो खिळा. खाच पडली तर दगड मऊ आहे. एकाच दगडाच्या वेगवेगळ्या रंगांवर ही चाचणी करा, हे बरेच जण विसरतात. लाल भाग कडक आणि पिवळा भाग मऊ असेल, तर घासताना मऊ भाग आधी झिजतो आणि पृष्ठ उंचसखल होते. अशा दगडाला आरशासारखी झिलई कधीच येत नाही, आणि तो दोष शिकणाऱ्याला स्वतःच्या हाताचा वाटत राहतो.

पाण्याचा एक थेंब स्थिर जागी ठेवा. तो मुरला तर दगड सच्छिद्र आहे.

लिंबू संगमरवरी जातीच्या दगडांसाठी. थोडी भुकटी खरवडून त्यावर रस पिळा. बुडबुडे आले तर त्यात कॅल्साइट आहे, मग तो जास्पर नाही.

छोट्या पोकळ्यांकडे भिंगातून बघा. पोकळीच्या तोंडाशी बारीक क्वार्ट्झ स्फटिक असतील तर काही कारागीर ती मुद्दाम राखतात. पण झिलईचे द्रव्य अशा खड्ड्यात जाऊन बसते आणि लाल नगावर पांढरे ठिपके राहतात.

नावावर जाऊ नका

बाजारात पुष्कळ दगडांच्या नावापुढे जास्पर लागते. डालमेशियन जास्पर मेक्सिकोचा अग्निजन्य खडक आहे. लेपर्ड स्किन म्हणून मिळतो तो बहुधा रायोलाइट, म्हणजे ज्वालामुखीचाच खडक. पिकासो जास्पर म्हणजे अमेरिकेतल्या युटाचा संगमरवर, लिंबाला उत्तर देतो. हे दगड वाईट नाहीत, सुंदर नग होतात, फक्त घासण्याची पद्धत आणि झिलई वेगळी. भाव जास्परचा देऊ नका आणि जास्परसारखे वागतील अशी अपेक्षा ठेवू नका.

मॅडागास्करचा ओशन जास्पर त्याच्या गोल डोळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्यात पोकळ्या नेहमीच्या, म्हणून तो स्लॅबमध्येच घ्यावा. ऑस्ट्रेलियाचा मूकाइट रंगांसाठी आणि झिलईसाठी नाव कमावून आहे. हे दोन्ही परदेशी, पहिल्या खरेदीत त्यांची गरज नाही.

एकाबद्दल मात्र स्पष्ट सांगते. पिवळ्या-नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा बंबलबी जास्पर इंडोनेशियात जावा बेटावरच्या ज्वालामुखीच्या परिसरातून येतो. त्यात कॅल्साइट असते, गंधक असते आणि आर्सेनिकची संयुगे असतात. त्याची भुकटी अंगावर, श्वासात जाऊ देण्यासारखी नाही. नवशिक्याने तो घासू नये.

रंग आणि तेल

तेल लावलेला दगड टिश्यूने पुसा, डाग उमटेल. त्यावर पाणी पसरत नाही, थेंबाथेंबाने उभे राहते. तेलाचा खरा तोटा असा की चिरा आधीच भरलेल्या असतात, त्यामुळे वाळण्याची चाचणी फसते. साबणाने धुऊन वाळवून दाखवायला सांगा, नकार आला तर तो लॉट सोडा.

रंगवलेला माल चिरांमध्ये आणि खळग्यांत जास्त गडद असतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस घासून बघा. निळा, जांभळा, झगझगीत गुलाबी असा एकसारखा रंग दिसला की आधी संशय घ्यावा. लोहाच्या रंगांत लाल, पिवळे, तपकिरी असतात, आणि एकाच तुकड्यात त्यांच्या छटा बदलत जातात.

भाजून लाल केलेला माल वेगळा. लोहामुळे पिवळसर असलेला दगड तापवला की लाल होतो. खंभातला अकीक असाच भाजून लालबुंद करतात, ही जुनी आणि मान्य पद्धत आहे. तो रंग टिकतो. फक्त जास्त तापलेला दगड ठिसूळ झालेला असू शकतो, म्हणून चिरा दुप्पट लक्ष देऊन बघा.

नक्षीची दिशा

थर असलेल्या दगडात थरांना आडवे कापले तर पट्टे निघतात, थरांच्या बाजूने कापले तर पसरट ढग किंवा मोकळा रंग. एकाच दगडातून दोन अगदी वेगळे नग निघू शकतात. म्हणून विक्रेत्याने घासून दाखवलेली एकच जागा बघून थांबू नका, दगड उभा धरून जाडीच्या बाजूला नक्षी आत कुठवर जाते ते बघा. वरच्या पापुद्र्यातच रंग असेल तर पहिल्या स्लॅबनंतर राखाडी दगड हाती लागतो. गोल डोळ्यांच्या दगडाला ही काळजी कमी, डोळे साधारण चेंडूसारखे गोल असल्याने कुठूनही कापले तरी वर्तुळ मिळते.

हिशेब

एक किलो जास्पर म्हणजे घनता २.६ धरून सुमारे ३८५ घन सेंमी दगड. ६ मिमीचे स्लॅब पाडायचे आणि ब्लेड २ मिमी खाते असे धरा. प्रत्येक ८ मिमीमागे २ मिमी चिखल होतो, म्हणजे एक चतुर्थांश दगड पाण्याबरोबर गेला. उरलेल्याचे साधारण ४८० चौरस सेंमी स्लॅब. त्यातून साल आणि टोकाचे तुकडे, साधारण तिसरा हिस्सा, वगळा. राहिले ३२० चौरस सेंमी. ३० बाय २२ मिमीच्या एका नगाला कडेची जागा धरून सव्वाआठ चौरस सेंमी लागतात. म्हणजे एकही चीर नसलेल्या, सगळीकडे नक्षी असलेल्या दगडातून ३८ च्या आसपास नग. असा दगड कुणालाच मिळत नाही. चांगल्या दगडातून २४ निघाले तर समाधान मानावे. चिरलेल्या दगडातून ६ निघतात.

आता उदाहरणादाखल भाव लावू. चिरलेला लॉट ३०० रुपये किलो, निघाले ६, नग पडला ५० रुपयांना. चांगला लॉट ७०० रुपये किलो, निघाले २४, नग पडला २९ रुपयांना. शिवाय चिरलेल्या दगडाचा नग शेवटच्या झिलईला सुटला तर तासाभराची मेहनत गेली, ती या हिशेबात धरलेलीच नाही.

या मापाचा एक तयार नग पावणेसहा ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे चांगल्या किलोभर दगडातूनही अंगावर घालण्याजोगे जेमतेम १४० ग्रॅम हाती येते. दुकानात उभे असताना हा आकडा आठवा, किलोमागे पन्नास रुपयांसाठी घासाघीस करण्यात वेळ जाणार नाही. तो वेळ दगड निवडण्यात घालवा.

बोलणी

भाव दोन असतात, सरसकटचा आणि निवडून घेण्याचा. आधी तेच विचारावे.

"शेठ, हा सरसकटचा भाव ना? निवडून घेतला तर?"

"निवडून घ्याल तर वेगळा लागेल ताई. पण मग मागे काही ठेवायचे नाही हं, घेतला तो घेतला."

"चालेल. फक्त ओला करून वाळेपर्यंत बघू द्या."

नवशिक्याने निवडूनच घ्यावे, दर जास्त लागला तरी. सरसकट लॉट त्यांच्यासाठी, ज्यांना उरलेल्या तुकड्यांचे मणी किंवा टम्बल (पिंपात फिरवून गुळगुळीत केलेले खडे) करायचे आहेत. पहिल्यांदा दोन किलोच्या वर जाऊ नका, आणि एकाच रंगाचे दोन किलो घेण्यापेक्षा तीन-चार जातींचे अर्धा अर्धा किलो घ्या. शेठचा निरोप घेताना दगडाचा उगम विचारून लिहून घ्या. खरी माहिती देणारा व्यापारी जपावा, त्याच्याकडे पुन्हा जावे.

ऑनलाइन घेत असाल तर फोटोवर भरवसा नको. दगड ओला करून वाळेपर्यंतचा, मध्ये न कापलेला व्हिडिओ मागा, शेजारी पट्टी ठेवलेला. दिवसाच्या उजेडातला. आणि तुम्हाला येणार तोच दगड असावा, "असाच माल येईल" हे उत्तर पुरेसे नाही. कुरिअरचा खर्च वजनावर लागतो, तोही नगाच्या हिशेबात धरा.

घरी आणल्यावर

ब्रशने धुवा, वाळवा, मार्करने क्रमांक घाला. दिसलेल्या चिरा पेन्सिलीने आखून घ्या आणि पहिला काप शक्यतो सर्वांत मोठ्या चिरेवरूनच घ्या. दगड तसाही तिथे सुटणार असतो, आपल्या हाताने सोडवला तर दोन धड तुकडे मिळतात. प्रत्येक स्लॅब निघाला की त्यावर वाळण्याची चाचणी पुन्हा करा, बाहेरून न दिसलेल्या चिरा इथे दिसतात. मग खिडकी ठेवून नग आखा.

आता ते राहिलेले कारण. जास्पर म्हणजे सिलिका. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो, जो बरा होत नाही. खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही याची फार मोठी किंमत मोजली आहे. तेव्हा कापणे, घासणे नेहमी पाण्याखाली. तोंडावर एन-९५ मास्क. उडालेले शिंतोडे वाळायच्या आत ओल्या फडक्याने पुसायचे, झाडू मारायचा नाही. कामाचे कपडे वेगळे धुवायचे. फ्लॅटच्या बंद खोलीत, मुले वावरतात तिथे, हे काम करायचे नाही. गॅलरीत करत असाल तर आवाजाची वेळ शेजाऱ्यांशी बोलून ठरवा.

चिखल मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतू नका, पाइपात तळाशी बसून घट्ट होतो आणि सोसायटीची सगळी लाइन तुंबते. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचे पाणी काढा, तळाचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. लाल जास्परचा गाळ कपड्यावर पडला तर डाग जात नाही.

प्रत्येक लॉटमधला एक छोटा तुकडा न कापता बाजूला ठेवा. त्याच्यावर तारीख, भाव आणि किलोमागे किती नग निघाले ते लिहा. पुढच्या खरेदीला जाताना तो सोबत न्या. "असाच हवा" किंवा "असला नको" हे व्यापाऱ्याला तोंडाने समजावण्यापेक्षा हातात देऊन दाखवलेले बरे पडते.